डेल्टा इंटिग्राले: आठ व्हॉल्व्ह की सोळा?

मंडळी, लान्चिया डेल्टा एचएफ इंटिग्राले, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी जुनी इटालियन रॅली-गाडी, तिच्या दोन आवृत्त्या शेजारी उभ्या केल्या की पहिला प्रश्न येतो अश्वशक्तीचा. १९८७ साली आलेल्या ८-व्हॉल्व्हची (व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनात हवा-इंधन आत आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) १८५, १९८९च्या १६-व्हॉल्व्हची २००. इंजिन दोन्हींत १९९५ सीसीचं, टर्बो लावलेलं. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, मात्र जुन्या गाडीचाच किंचित जास्त, ३०४ न्यूटन-मीटर, नवीचा २९८. तेव्हा नुसत्या व्हॉल्व्हच्या संख्येवरून गाडी निवडू नका.

खरा फरक मधल्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या गिअर-संचात आहे. ८-व्हॉल्व्हमध्ये ५६ टक्के जोर पुढच्या चाकांना आणि ४४ मागच्यांना. १६-व्हॉल्व्हमध्ये गिअरचं प्रमाण बदलून तो ४७ आणि ५३ केला. त्यामुळे वळणात ॲक्सिलरेटर दाबला की जुनी गाडी नाक बाहेर काढते, नवी मागून ढकलत आत वळते. १९८९च्या सानरेमो रॅलीत इटालियन रॅलीचालक मिकी बियाझियोननं याच १६-व्हॉल्व्हला पदार्पणातच जिंकून दिलं. ओळखायला खूण सोपी: इंजिनाच्या उंच वरच्या भागासाठी (सिलिंडर-हेड) नव्या गाडीच्या बॉनेटला मधोमध फुगवटा आहे.

आता विकत घेताना काय पाहायचं ते. गाडी सपाट जागी उभी करा, बाकीच्या चाकांना अडण लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. पुढचं एकच चाक जॅकनं उचलून स्टँडवर टेकवा आणि हातानं सावकाश फिरवा. चाक जड, पण एकसारखं फिरायला हवं. अगदी हलकं फिरलं तर मधल्या व्हिस्कस कपलिंगमधलं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना घट्ट द्रव्यानं जोडणाऱ्या भागातलं सिलिकॉन द्रव्य निकामी झालंय; मुळीच हललं नाही तर कपलिंग जाम झालंय. चारही टायर एकाच कंपनीचे, सारखेच झिजलेले हवेत. पुढच्या-मागच्या टायरच्या घेरात फरक असला तर कपलिंग सरळ रस्त्यावरही सतत घासत, तापत राहतं. काटकसर म्हणून दोनच टायर बदलणाऱ्याला हे फार महागात पडतं!

टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारा पट्टा) बदलताना बॅलन्स शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचा छोटा बेल्टही बदलाच. तो तुटला की त्याचे धागे टायमिंग बेल्टमध्ये गुंततात, टायमिंग चुकतं, आणि मग पिस्टन आदळून व्हॉल्व्ह वाकतात. १६-व्हॉल्व्हमध्ये वाकायला व्हॉल्व्हही दुप्पट. मीटरवरचे किलोमीटर पाहून बेल्ट चांगला समजू नका. उभ्या गाडीचं रबरही कडक होतं.

आणि बॉडी. मुळात ही इटालियन डिझायनर जुजारोनं आखलेल्या, १९७९ साली आलेल्या साध्या घरगुती गाडीची बॉडी. चार चाकांचा जोर तिच्यावर मागाहून आला. म्हणून पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाच्या (ए-पिलर) मुळाशी आणि छताच्या कडांना तडे शोधा, रंगाखाली पुट्टीचा थर आहे का ते चुंबक फिरवून बघा, काचेखालचा गंज तपासा. इंजिन पुन्हा बांधता येतं. मुरगळलेली बॉडी सरळ करायला त्याहून कितीतरी अवघड. बॉडी सुदृढ असलेली ८-व्हॉल्व्ह समोर असेल, तर गंजलेल्या १६-व्हॉल्व्हचा फुगवटा पाहून मोहात पडू नका.