हात तोच, पण कुणाचा?

(दृश्य: सोलापुरातला मधला मारुती परिसर. बांगड्यांचं दुकान, श्रावणातली गर्दी.)

"हात ढिल्ला सोडा वैनी. ढिल्ला!"

कासारकाकांनी समोरच्या बाईंचा पंजा हातात घेतलाय. अंगठा तळव्याकडे दुमडला, करंगळीखालचं मांस आत दाबलं आणि हिरवी बांगडी हाडांवरून फिरवत फिरवत मनगटावर उतरवली. दुखतं. बाई ओठ दाबून घेतात, पण हात मागे घेत नाहीत. एका परक्या पुरुषानं इतका घट्ट, इतका वेळ हात धरलाय आणि शेजारी बसलेल्या सासूबाई डझनाचा भाव करण्यात दंग आहेत.

हाच पंजा सिटी बसमध्ये कुणी दोन सेकंद धरला असता, तर बस तिथंच थांबली असती.

कातडीला विचाराल, तर दोन्हीकडे दाबच. मग मेंदूत हा फरक कुठं पडतो? मनात, असं म्हणून आपण मोकळे होतो. शास्त्रज्ञांना मात्र जागा हवी असते. नेमकी कुठल्या भागात, आणि किती लवकर?

(दृश्य: आईच्या मांडीवर झोपलेलं मूल. आईचा हात पाठीवरून फिरतोय.)

आधी कातडीकडचं बघू. स्पर्शाची खबर मेंदूकडे नेणाऱ्या नसांचे तंतू एकाच जातीचे नाहीत. काही भलतेच चपळ. कुठं लागलं, किती जोरात लागलं, खरखरीत की गुळगुळीत, हे ते क्षणात कळवतात. टॉवेलच्या कारखान्यात कापडावर बोटं फिरवून माल ओळखणारा माणूस याच तंतूंच्या जिवावर पगार घेतो.

दुसरे तंतू संथ. त्यांच्यातून संदेश सेकंदाला साधारण एक मीटर या चालीनं जातो. हे मुख्यतः केसाळ कातडीत असतात, म्हणजे हात, पाठ, पाय इथं. तळहातावर जवळजवळ नाहीतच. स्वीडनमधल्या संशोधकांनी माणसाच्या नसेत बारीक सुई घालून त्यांचं काम टिपलं. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हातावरून मऊ ब्रश वेगवेगळ्या वेगानं फिरवला. सेकंदाला 1 ते 10 सेंटिमीटर या वेगाला हे तंतू सगळ्यात जास्त बोलले, आणि लोकांनाही तोच वेग सुखाचा वाटला. फार हळू नको, फार घाईनंही नको. मुलाच्या पाठीवरून फिरणारा हात हा वेग न मोजता पकडतो.

पुढे 2014 मध्ये तापमानही तपासलं गेलं. 18, 32 आणि 42 अंश. या तंतूंना 32 अंश सगळ्यात जास्त मानवलं, म्हणजे माणसाच्या कातडीचं तापमान. 42 अंशांना प्रतिसाद कमी. आता 42 म्हणजे आपल्याकडची मे महिन्यातली दुपार. त्या वेळी सोलापुरात कुणी कुणाच्या गळ्यात पडत नाही, ते उगीच नाही!

पण कासारकाका आणि बसमधला माणूस यांचा उलगडा यातून होत नाही. हात कुणाचा आहे, हे तंतूला कसं कळणार?

(दृश्य: मेंदूचं रेखाचित्र. डोक्याच्या वरच्या बाजूनं कानाकडे उतरणारी पट्टी.)

मेंदूत स्पर्शाची पहिली मोठी नोंद या पट्टीवर होते. 1937 मध्ये कॅनडातले शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी, शस्त्रक्रियेच्या वेळी जागं ठेवलेल्या रुग्णांच्या मेंदूला हलका विद्युतप्रवाह देऊन, हिचा नकाशा जाहीर केला. ओठ आणि बोटं यांना ऐसपैस जागा, पाठीला जेमतेम. पुढची बरीच वर्षं समज असा होता की ही पट्टी तलाठ्यासारखी आहे. कुठं, किती, एवढं लिहायचं. बरं वाटलं की किळस आली, ते पुढचे साहेब ठरवतील.

2012 मध्ये या समजाला धक्का बसला. व्हॅलेरिया गॅझोला, क्रिस्चियन कायझर्स, राल्फ अॅडॉल्फ्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत एक प्रयोग केला. त्यात जरा खोडसाळपणा होता. स्त्रियांकडे आकर्षण असलेले पुरुष मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवले. त्यांच्या पायावरून कुणीतरी हात फिरवत होतं, आणि समोरच्या पडद्यावर ते 'कुणीतरी' दिसत होतं. कधी आकर्षक तरुणी, कधी पुरुष. तरुणीचा स्पर्श त्यांना आवडला. पुरुषाचा नकोसा वाटला.

हात फिरवणारी व्यक्ती प्रत्यक्षात प्रत्येक वेळी एकच होती, एक स्त्री. पडद्यावर काय चाललंय, हे तिला ठाऊक नव्हतं.

म्हणजे कातडीवरचा हात तोच, वेग तोच, दाब तोच. तरीही त्या पहिल्या पट्टीचा प्रतिसाद बदलला. माणूस कोण आहे ही माहिती तलाठ्याच्या दप्तरापर्यंत पोचलेली होती.

इथं लगेच टाळ्या वाजवायला नकोत. 2016 मधल्या एका अभ्यासात बाहेरून चुंबकीय लहरी देऊन हीच पट्टी थोडी मंद केली. लोकांना स्पर्शाची तीव्रता ओळखणं अवघड गेलं, सुख मात्र तेवढंच वाटलं. तेव्हा सुखदुःख या पट्टीत 'तयार' होतं, असं म्हणणं घाईचं ठरेल. पट्टीला त्याचा सुगावा लागतो, एवढं नक्की.

(दृश्य: जानेवारी. सिद्धेश्वर यात्रा. बाराबंदी घातलेले मानकरी, नंदीध्वज.)

"एकदा भक्तलिंग, हर्र बोला हर्र!"

संक्रांतीच्या या गर्दीत खांद्याला खांदा घासतो, पाय तुडवले जातात, कोपर बरगडीत बसतं. मराठी, कन्नड, तेलुगू, तिन्ही भाषांत "सरका सरका" चालू असतं. घरी आल्यावर कुणी त्याची तक्रार सांगत नाही. आणि तोच खांदा बसमध्ये मुद्दाम घासला, की मुलगी दप्तर पुढं घेते. "गर्दी हाय, लागणारच की," म्हणणारा माणूस फक्त दाबाबद्दल बोलत असतो. तिच्या मेंदूनं त्या माणसाची नजर, रिकामी असूनही सोडलेली जागा, मागच्या वळणावरचा धक्का, हे सगळं त्या स्पर्शात धरलेलं असतं. तिचं ऐकावं, असं निदान मला तरी वाटतं.

(दृश्य: दवाखान्याचा वॉर्ड. एका खाटेशी एकच नातेवाईक.)

आता उलटी बाजू. 2006 मध्ये जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी 16 विवाहित स्त्रियांना स्कॅनरमध्ये ठेवून, विजेचा सौम्य झटका बसणार असल्याची खूण दाखवली. कधी नवऱ्यानं हात धरला, कधी अनोळखी माणसानं, कधी कुणीच नाही. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची धावपळ सगळ्यात जास्त शांत झाली. संसार जितका सुखाचा, तितका काही भागांतला परिणाम ठळक.

इंजेक्शनच्या वेळी आईला बाहेर थांबवलं, की पोराचा हात सिस्टरच धरतात. त्या प्रयोगात परक्या हातानंही धावपळ कमी झाली होती. नवऱ्याच्या हाताइतकी नाही, पण झाली होती.