पेरपेरिकॉन: कातळात कोरलेलं नगर

बल्गेरियाच्या दक्षिणेला, रोडोपी पर्वतरांगेच्या पूर्व भागात कर्जाली नावाचं शहर आहे. तिथून १५ किलोमीटरवर पेरपेरिकॉनची ही टेकडी. उंची जेमतेम ४७० मीटर, पायथ्याशी पेरपेरेश्का नदी. या परिसरात पूर्वी सोनं निघायचं.

वर जाताना पायऱ्या लागतात. एकही चिरा रचलेला नाही. अख्खी वाट कातळ फोडून काढली आहे. गल्ल्या, खोल्या, पाण्याची टाकी, शवपेट्यासुद्धा त्याच खडकातल्या. भिंतींकडे जरा जवळून पाहा. या ओळीत कोरलेल्या चौकोनी खोबणी दिसतात ना? त्यांत तुळया बसत. आज उघडे बोडके दिसणारे हे खडक म्हणजे घरांचा फक्त खालचा भाग. वरचं लाकूडकाम कधीच गेलं.

आणि हा दगडी गोल, जवळजवळ दोन मीटर व्यासाचा. ही वेदी.

प्राचीन काळी हा सगळा मुलूख थ्रेस म्हणून ओळखला जाई. या थ्रेसमध्ये डायोनिससचं, म्हणजे ग्रीकांच्या मद्यदेवाचं, एक प्रसिद्ध दैवज्ञस्थान होतं; लोक तिथे देवाचा कौल घ्यायला येत. रोमन इतिहासकार स्वेटोनियस सांगतो, की सम्राट ऑगस्टसचे वडील तिथल्या देवराईत मुलाचं भविष्य विचारायला गेले. वेदीवर मद्य ओतलं, तशी ज्वाळा मंदिराच्या छपरावर जाऊन आभाळाला भिडली. असा कौल त्याआधी एकट्या अलेक्झांडरला मिळाला होता म्हणे.

ते स्थान हेच, असं पुरातत्त्वज्ञ निकोलाय ओव्चारोव मानतात. २००० सालापासून इथलं उत्खनन त्यांच्याच नेतृत्वाखाली सुरू झालं. सगळ्या अभ्यासकांना मात्र हे पटलेलं नाही. मला वाटतं, डायोनिससचं नाव बाजूला ठेवलं तरी या टेकडीचं मोल तसूभरही कमी होत नाही. द्राक्षं तुडवायची कुंडं आणि रस वाहून नेणारे पन्हळ इथे कातळातच खोदलेले आहेत. मद्य इथेच तयार व्हायचं, याला कुठल्याही ग्रंथाची साक्ष लागत नाही.

पुढे ख्रिस्ती धर्म आला. २००५ साली बालेकिल्ल्यावर एका जुन्या चर्चचं व्यासपीठ सापडलं, तेही खडकातून घडवलेलं, पंख पसरलेल्या गरुडासह. देव बदलले, पण छिन्नी तीच राहिली. चौदाव्या शतकात ऑटोमन फौजा आल्या आणि नगर उजाड झालं. अजून बराच भाग मातीखाली आहे. उत्खननाचं काम दरवर्षी थोडं थोडं पुढे सरकतं.