पहिली पाच मिनिटे: एज ऑफ मायथॉलॉजीमधील सुरुवातीचे डाव

पडद्यावर एक ग्रीक नगर आहे. मधोमध टाउन सेंटर, म्हणजे गावकरी तयार करणारी मुख्य इमारत, भोवती मोजकेच गावकरी, जवळ फळांची झुडपे आणि चरणाऱ्या शेळ्या, आणि त्यापलीकडे सगळा नकाशा काळोखात बुडालेला. घड्याळ नुकतेच सुरू झाले आहे. अजून एकही सैनिक जन्माला आलेला नाही, तरीही या सामन्याचा बराचसा निकाल येत्या पाच मिनिटांत ठरणार आहे, आणि नवशिक्या खेळाडूला नेमके हेच ठाऊक नसते.

एन्सेंबल स्टुडिओजने 2002 साली आणलेल्या एज ऑफ मायथॉलॉजी या संगणकीय स्ट्रॅटेजी गेममध्ये सुरुवातीला ग्रीक, इजिप्शियन आणि नॉर्स अशा तीन संस्कृती होत्या. 2003 च्या द टायटन्स या विस्ताराने त्यांत अटलांटियन लोकांची भर घातली, आणि 2024 मध्ये रीटोल्ड या नव्या रूपात हा खेळ पुन्हा नव्या खेळाडूंपर्यंत पोहोचला. इतर स्ट्रॅटेजी गेममध्ये एका संस्कृतीचा डाव पाठ केला की थोड्याफार फरकाने तो दुसरीलाही चालतो. इथे तसे होत नाही, कारण इथे अन्न, लाकूड आणि सोने यांच्या जोडीला फेव्हर, म्हणजे देवांची कृपा, हे चौथे साधन आहे आणि ते मिळवण्याची प्रत्येक संस्कृतीची रीत वेगळी आहे. ही कृपा कशी मिळते आणि इमारती कोण बांधते, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याला नीट कळली, त्याला आपल्या संस्कृतीची सुरुवात पाठ करावी लागत नाही. ती त्याची त्यालाच सुचते.

आधी सगळ्यांना लागू असलेला एक हिशेब पाहू. पहिल्या युगातून दुसऱ्या, म्हणजे क्लासिकल युगात जाण्यासाठी 400 अन्न लागते आणि मंदिर बांधलेले असावे लागते. ग्रीकांचा एक गावकरी 50 अन्नात तयार होतो. म्हणजे युग बदलण्याची किंमत आठ गावकऱ्यांइतकी आहे. नवशिके या ठिकाणी एका बाजूला झुकतात. काही जण घाईने अन्न साठवू लागतात आणि त्या काळात टाउन सेंटर रिकामे बसते. काही जण गावकरी करत राहतात आणि प्रतिस्पर्ध्याचे सैनिक दारात आले तरी पहिल्याच युगात असतात. माझ्या मते यातली पहिली चूक जास्त महागात पडते. टाउन सेंटर अर्धा मिनिट रिकामे राहिले, तर तेवढ्या वेळात जन्मले असते ते गावकरी पुढच्या संपूर्ण सामन्यात जे गोळा करणार होते, ते सगळे आपण गमावलेले असते. म्हणून दोन-तीन गावकरी नेहमी रांगेत ठेवावेत, आणि लोकसंख्येची मर्यादा गाठण्याआधीच नवे घर बांधायला घ्यावे.

आता ग्रीकांकडे वळू. त्यांचे गावकरी सर्व इमारती बांधतात, अन्न कोठारात आणि लाकूड-सोने वखारीत जमा करतात, आणि मंदिरासमोर प्रार्थना करून कृपा मिळवतात. प्रार्थनेला बसलेला प्रत्येक गावकरी म्हणजे शिकारीतून किंवा लाकूडतोडीतून काढून घेतलेला एक माणूस, हे ध्यानात ठेवावे लागते. शिवाय प्रार्थना करणाऱ्यांची संख्या वाढते तसा प्रत्येक नव्या माणसाचा वाटा थोडा थोडा घटत जातो. त्यामुळे मंदिर उभे राहताच दोन-तीन जणांना तिथे पाठवणे रास्त आहे. दहा जणांना पाठवणे म्हणजे नगर उपाशी ठेवण्यासारखे आहे. तोपर्यंत बहुतेक सर्व गावकरी अन्नावर आणि चार-पाच लाकडावर, एवढी वाटणी पुरते. सोन्याकडे मंदिर पूर्ण होत आल्यावर वळावे.

पडद्यावरचे हे हरीण पाहा. गावकऱ्याने नगराच्या बाजूने वार केला, की हरीण नगरापासून दूर पळते आणि पुढे प्रत्येक खेपेला तेवढे अंतर चालावे लागते. तोच गावकरी आधी वळसा घालून हरणाच्या पलीकडे गेला आणि तिथून त्याने वार केला, तर बिथरलेले हरीण टाउन सेंटरच्या दिशेने धावते आणि दारातच पडते. पोसायडनच्या उपासकाकडे, म्हणजे त्याला मुख्य देव म्हणून निवडलेल्या खेळाडूकडे, तर प्राण्यांना ओढून आणणारी दैवी शक्तीच असते. रानडुकरासारखा उलटून हल्ला करणारा प्राणी असेल, तर एकट्याला न पाठवता तिघा-चौघांनी मिळून त्याला पाडावे.

इजिप्शियन संस्कृतीत विचाराची दिशाच बदलते. इथे इमारतींसाठी लाकूड लागत नाही. कोठार आणि वखारींना तर काहीच खर्च पडत नाही, पण बांधकाम संथ चालते. लाकडाचा भार हलका झाल्याने सुरुवातीचे मजूर अन्नावर आणि सोन्यावर विभागता येतात. मात्र संथ बांधकामामुळे मंदिराचा पाया ग्रीकांपेक्षा लवकर घालावा लागतो, नाहीतर 400 अन्न जमलेले असते आणि मंदिर अजून अर्धेच असते. कृपेसाठी स्मारके बांधावी लागतात. ती एकदा उभी राहिली की कोणी प्रार्थनेला बसावे लागत नाही. कृपा अखंड झिरपत राहते.

आणि मग येतो फॅरो. या संस्कृतीची सुरुवात मला सर्वांत सुंदर वाटते ती त्याच्यामुळे. सामन्याच्या आरंभापासून तो आपल्याबरोबर असतो आणि एखाद्या इमारतीसमोर उभा राहून तिला सामर्थ्य देतो. त्याने कोठाराला सामर्थ्य दिले, तर तिथे टाकलेल्या प्रत्येक खेपेचे मोल वाढते. टाउन सेंटरला दिले, तर मजूर लवकर तयार होतात. बांधकाम चालू असलेल्या इमारतीला दिले, तर ती भराभर वर येते. म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला एकच प्रश्न विचारायचा असतो की आत्ता आपली अडचण कोणती आहे, आणि फॅरोला तिथे न्यायचे असते. शिकारीच्या वेळी तो कोठारापाशी असावा, मंदिराचा पाया पडताच तिकडे जावा, आणि मंदिर पूर्ण होताच परत यावा. मी कितीतरी सामने त्याला नगराच्या कोपऱ्यात नुसताच उभा ठेवून खेळलो आहे, आणि माझी संस्कृती मंद आहे असे समजत राहिलो. ती मंद नव्हती; तिचा राजा बेकार होता. सुरुवात करणाऱ्याने आयसिस किंवा रा यांच्यापैकी कोणालाही निवडावे. रा असेल तर पुढे त्याचे पुरोहितही इमारतींना सामर्थ्य देऊ शकतात, आणि त्या सोयीने ही सवय पक्की होते.

नॉर्स लोकांमध्ये मंदिर, शस्त्रागार, लाँगहाउस अशा इमारती उभारण्याचे काम सैनिकांकडे असते. ही गोष्ट नव्या खेळाडूला विचित्र वाटते, पण तिच्यातच त्यांच्या डावाची किल्ली आहे. गावकऱ्यांना हातातले काम सोडावे लागत नाही, आणि बांधणारा माणूस लढणाराही असल्याने शत्रूच्या नगराजवळ तळ उभारणे सोपे जाते. सोन्याच्या खाणीत बुटके, म्हणजे ड्वार्फ नावाचे मजूर, अधिक तरबेज असतात. थोरच्या उपासकांना त्यांचा विशेष लाभ मिळतो. कोठार आणि वखारीऐवजी इथे बैलगाडी असते, आणि ती हलते. ही गाडी शिकाऱ्यांच्या अगदी पाठीशी उभी करावी. कळप पुढे सरकला की गाडीही पुढे न्यावी, म्हणजे मांस टाकायला दोन पावले पुरतात. ओडिनची ग्रेट हंट ही शक्ती भोवतालच्या शिकारीचे अन्न वाढवते. ती भरलेल्या कळपावर वापरावी. दोनच जनावरे उरल्यावर वापरली, तर तिचा मोठा भाग वाया जातो.

नॉर्सांना कृपा मिळते ती मुख्यतः लढाईतून. घरात बसून भिंती बांधणारा नॉर्स खेळाडू स्वतःच्याच देवांना दूर लोटतो. म्हणून क्लासिकल युगात पोहोचताच दोन-चार सैनिक आणि एखादा हेर्सिर, म्हणजे नॉर्स वीर, प्रतिस्पर्ध्याच्या खाणीकडे पाठवावा. मोठा विजय मिळाला नाही तरी चालेल. चकमक झाली, त्याचे गावकरी काही काळ काम सोडून पळाले आणि आपल्याला कृपा मिळाली, एवढ्याने त्या फेरीचा उद्देश साधतो.

अटलांटियन नागरिक संख्येने थोडे आणि महाग असतात. त्यांना कोठार लागत नाही. गोळा केलेले ते जागच्या जागी जमा करतात. त्यामुळे त्यांची सुरुवात हाताळायला सोपी आहे, पण एक नागरिक गमावणे इतरांपेक्षा फार जड जाते. द टायटन्समध्ये त्यांची कृपा टाउन सेंटरांच्या संख्येवर अवलंबून होती, आणि टाउन सेंटर नकाशावरच्या ठरावीक वसाहतींवरच बांधता येत असल्यामुळे त्या जागा कुठे आहेत हे त्यांनी सर्वांआधी हेरून ठेवणे गरजेचे होते.

दैवी शक्तींबद्दल एक फरक सांगायला हवा. मूळ खेळात प्रत्येक शक्ती एकदाच वापरता येत असे, म्हणून झ्यूसची वीज महत्त्वाच्या शत्रूसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे होते. रीटोल्डमध्ये कृपा खर्चून शक्ती पुन्हा वापरता येतात. तिथे पहिली वापरणी उशिरापर्यंत दाबून ठेवणे हा कंजूषपणा ठरतो, आणि नवशिक्यांमध्ये तो फार दिसतो.

आता पुन्हा आपल्या ग्रीक नगराकडे येऊ. 400 अन्न जमले आहे, मंदिर उभे आहे, आणि झ्यूसच्या उपासकासमोर दुय्यम देवाची निवड आहे: अथीना की हर्मीस. अथीना पायदळाला बळ देते आणि मिनोटॉर हा पौराणिक प्राणी आणते. हर्मीस घोडदळाला बळ देतो आणि सेंटॉर हा पौराणिक प्राणी आणतो. या खेळात पायदळ घोडदळाला भारी पडते, घोडदळ धनुर्धरांना, आणि धनुर्धर पायदळाला. म्हणून स्काउटने, म्हणजे टेहळ्याने, प्रतिस्पर्ध्याच्या नगरात काय पाहिले, त्यावर ही निवड ठरावी. समोर घोड्यांचा तबेला उभा राहत असेल तर अथीना, धनुर्विद्येचे मैदान दिसत असेल तर हर्मीस. निवड होताच युग बदलण्याचा काळ सुरू होतो, आणि तेवढा वेळ टाउन सेंटर नवे गावकरी देऊ शकत नाही. हा वेळ लाकडावरच्या तिघांना हलवण्यासाठी वापरावा: एकाने घर बांधावे, दोघांनी सोन्याच्या खाणीशेजारी वखार, म्हणजे युग बदलल्याची तुतारी वाजेल तेव्हा पहिल्या सैनिकी इमारतीसाठी लाकूड आणि पहिल्या तुकडीसाठी सोने, दोन्ही हाताशी असेल.