घराण्यातच आहे म्हणे!

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'धातू, जनुकं आणि नैराश्य'. धातू म्हटल्यावर संस्कृतचे दोन शिक्षक आलेले दिसतात. ते धातू नव्हेत हो. पण आलाच आहात तर बसा, पंखा बरा चालतोय.

मला खरं तर एका वाक्यावर बोलायचंय: 'त्यांच्या घराण्यातच आहे.' टक्कल असो, मधुमेह असो की खिन्नता, हे वाक्य टाकलं की चौकशी संपली.

माझे थोरले काका छापखान्यात जुळारी होते. आजोबाही जुळारीच. समोर केस, म्हणजे खणाखणांची लाकडी पेटी, डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ धरायची पट्टी, उजव्या हातानं एकेक खिळा, म्हणजे अक्षराचा ठसा, उचलून ओळ जुळवायची आणि ती उलटी वाचायची. खिळा म्हणजे शिसं, अँटिमनी नि कथील. त्यात शिसंच जास्त. केसच्या खणांत करडी धूळ साचायची, ती काका तोंडानं फुंकून काढत. दुपारी त्याच हातांनी भाकरी. मालक रोज गुळाचा खडा द्यायचे, शिशावर उतारा म्हणून. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण त्या उताऱ्याचं समीकरण मला अजून मांडता आलेलं नाही.

चाळिशीनंतर काका मिटत गेले. रविवारी दारातल्या खुर्चीत बसलेले, हातातल्या चहावर साय धरलेली. आजी म्हणायची, 'अगदी ह्यांच्यावर गेलाय.' पुढे मी त्यांना दवाखान्यात नेलं. फॉर्मवर विचारलं होतं, कुटुंबात कुणाला मानसिक आजार? मी लिहिलं, वडील. व्यवसायाच्या रकान्यात 'नोकरी' एवढ्यावर भागलं. पस्तीस वर्षं चिमटीत शिसं धरलेला माणूस, आणि नोंद काय, तर नोकरी! ही तक्रार माझ्या प्रत्येक व्याख्यानात येते. नेहमीच्या श्रोत्यांनी तेवढ्यात सुपारी कातरून घ्यावी.

काकांचं दुखणं शिशाचंच होतं, असा माझा दावा नाही. रक्त कुणी तपासलंच नाही. म्हणणं एवढंच, की आजोबांकडून काकांना रक्त आलं, तसं छापखान्यातलं स्टूलही आलं.

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं? बरं, मग मूळ विषय.

न्यूझीलंडमधलं डनेडिन. १९७२-७३ साली तिथे जन्मलेल्या हजारेक मुलांचा मागोवा अजून घेतला जातोय. त्यांतल्या पाचशेहून अधिक जणांच्या रक्तातलं शिसं अकराव्या वर्षी मोजलं होतं. पेट्रोलमध्ये शिसं घालायचे तो काळ. तिथे ते १९९६ मध्ये थांबलं, आपल्याकडे २०००मध्ये. गंमत अशी, की तिथे श्रीमंताच्या नि गरिबाच्या पोरांत शिसं साधारण सारखंच निघालं, म्हणजे सगळं खापर गरिबीवर फोडायची सोय उरली नाही. अडतिसाव्या वर्षापर्यंत पाहिलं, तर लहानपणी शिसं जास्त होतं त्यांच्यात खिन्नतेची, चिंतेची लक्षणं थोडी अधिक. थोडी, हं! अमेरिकेत २००९ साली विशी-तिशीतल्या सुमारे दोन हजार जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात सर्वाधिक शिसंवाल्या गटात तीव्र नैराश्याची शक्यता सर्वांत कमी शिसंवाल्यांच्या २.३ पट दिसली. पण दोन्ही एकाच वेळी मोजलेलं, तेव्हा आधी काय आणि मग काय, हे त्यावरून कळत नाही.

आता जनुकं, पळतपळत. जुळ्यांच्या अभ्यासांवरून, माणसामाणसांत नैराश्याच्या कलाचा जो फरक असतो, त्यातला सुमारे ३७ टक्के आनुवंशिक. तो एका जनुकाचा नव्हे. २०१९च्या आठ लाखांवर लोकांच्या अभ्यासात जनुकसंचातल्या १०२ जागा सापडल्या, प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. धातूशी गाठ कुठे पडते? 'अलाड' नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, आहे, रक्ताला लाल रंग देणारं हीम बनवण्याच्या कामातलं. त्यातल्या जस्ताला उठवून शिसं तिथे ठाण मांडतं. या विकराच्या जनुकाचा एक प्रकार शिशाला अधिक घट्ट धरतो. म्हणजे एकाच केसवर बसलेल्या दोघांच्या अंगात शिसं एकसारखं वागेलच असं नाही. तिथून थेट नैराश्यावर उडी मात्र मारू नका. याच डनेडिनच्या मुलांवरून २००३ साली सेरोटोनिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाचं एक जनुक नि आयुष्यातले ताण यांची जोडी नैराश्याचं कारण म्हणून फार गाजली, पुढे मोठ्या अभ्यासांत ती टिकली नाही. आणि हो, शिसं हाडांत जाऊन बसतं, दशकंच्या दशकं. माणूस निवृत्त होतो, ते होत नाही.

दिवे मालवायला लागलेत वाटतं. काकांची स्टिक टेबलावर ठेवलीय, खिळ्यांसकट. खुशाल हाताळा. चहा मागच्या बाजूला आहे, आणि नळ त्याच्या अलीकडे.