शंभर गाड्यांमागे तक्रारी किती?

(दृश्य: असेंब्ली लाइन. कामगारांच्या डोक्यावरून गेलेली एक दोरी.)

ही दोरी नीट बघा. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या कारखान्यात ती 1984 साली आली. जोडणीत काही चुकतंय असं वाटलं की कामगाराने ओढायची. टीम लीडर धावत येणार, आणि त्यालाही जमलं नाही तर लाइन थांबणार.

दोनच वर्षांपूर्वी जनरल मोटर्सने याच कारखान्याला टाळं ठोकलं होतं. तेव्हा इथे लाइन थांबवणं हाच सगळ्यात मोठा गुन्हा. बोल्ट राहू दे, दरवाजा तिरका बसू दे, गाडी पुढे सरकलीच पाहिजे. दुरुस्तीचं नंतर बघू! मग टोयोटाशी भागीदारी झाली, नाव पडलं ‘नुमी’. कामगार बहुतेक जुनेच, युनियनही तीच. गाड्या मात्र जपानी तोडीच्या निघू लागल्या. ‘आमचे कामगारच तसले’ म्हणायची सोय राहिली नाही.

आणि जपानला 1950 मध्ये गुणवत्तेचे धडे कोणी दिले? डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने. फोर्डने त्यांना बोलावलं ते 1981 मध्ये!

(दृश्य: नवी गाडी, किल्ली घेणारा हात.)

जे. डी. पॉवर ही गाड्यांच्या मालकांची मतं गोळा करणारी अमेरिकी कंपनी. तिच्या पाहणीची रीत साधी आहे. पहिल्या 90 दिवसांत काय काय खटकलं ते मालकालाच विचारायचं, आणि शंभर गाड्यांमागे तक्रारी मोजायच्या.

ह्युंदाई 1986 मध्ये अमेरिकेत आली ती स्वस्त म्हणून खपली आणि त्याच गाड्यांपायी चेष्टेचा विषय झाली. 1998 मध्ये कंपनीने इंजिन-गिअरबॉक्सवर 10 वर्षं किंवा 1 लाख मैलांची वॉरंटी जाहीर केली. लोकांना ती जाहिरातबाजी वाटली असेल. मला तर ती कंपनीने स्वतःलाच घातलेली वेसण वाटते. कच्चा पार्ट गेला की भुर्दंड आता तिलाच. पॉवरच्या 2004 च्या यादीत शंभर गाड्यांमागे तक्रारी: टोयोटा 101, होंडा 102, आणि ह्युंदाईसुद्धा 102.

2010 मध्ये आणखी एक उलटफेर. अमेरिकी ब्रँड 108, परदेशी 109. देशी गाड्या पहिल्यांदाच पुढे, शंभर गाड्यांमागे जेमतेम एका तक्रारीने. त्याच सुमारास टोयोटा अडकलेल्या अ‍ॅक्सिलरेटर पेडलपायी लाखो गाड्या परत बोलावत होती.

पण पुढच्याच वर्षी फोर्ड पाचव्या क्रमांकावरून थेट तेविसाव्यावर. गिअर बदलताना बसणारे धक्के होतेच, पण मालक वैतागले ते डॅशबोर्डवरच्या टचस्क्रीनला. या मोजणीत पार्ट तुटायलाच हवा असं नाही. वापरताना डोकं पिकलं, तरी ती तक्रारच. गळणारं ऑइल एक, न सापडणारा मेनूही एकच.

(दृश्य: फ्रीमाँट, तीच इमारत.)

नुमी 2010 मध्येच बंद झालं. आता इथे टेस्लाच्या गाड्या बनतात. डॅशबोर्डवर बटणं जवळपास नाहीतच. मधोमध एक भलामोठा टचस्क्रीन.