एका कामाला एक गट

श्रोतेहो, नमस्कार. कार्यालयीन कामासाठी व्हॉट्सअ‍ॅपचा गट कसा वापरावा, हा आजचा विषय आहे. गट तयार कसा करायचा, हे घरातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. म्हणून मी 2016 सालच्या उन्हाळ्यातील एक प्रसंग सांगतो.

मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, तोच हा उन्हाळा. मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या टंचाई शाखेत लिपिक होतो. अधिकारी, ग्रामसेवक, टँकरचालक, सगळ्यांचा मिळून एकच गट होता. एके दिवशी सकाळी सहा वाजता एका ग्रामसेवकांनी कळवले, की अधिग्रहित विहीर, म्हणजे टँकर भरण्यासाठी सरकारने ताब्यात घेतलेली विहीर, आटली आहे, टँकर दुसऱ्या विहिरीवर पाठवावा. पाठोपाठ सुप्रभातची फुले, एका साहेबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि त्या शुभेच्छांचे आभार असे इतके संदेश आले, की तो निरोप कोणी वाचलाच नाही. (शुभेच्छा समक्ष भेटून किंवा फोन करून द्याव्यात, असे माझे ठाम मत आहे.) टँकर कोरड्या विहिरीवरून रिकामा परतला आणि गावाची पहिली खेप बुडाली. दुपारी त्या गावच्या एक आजी कार्यालयात आल्या आणि म्हणाल्या, "लेकरा, सांगावा तर सकाळीच धाडला व्हता म्हनं." मी त्यांच्यासमोरच संदेश मागे सरकवत गेलो. निरोप माझ्याच फोनमध्ये होता.

त्याच संध्याकाळी आम्ही फक्त टँकरसाठी वेगळा गट केला. संदेशाच्या आरंभी गावाचे नाव, काम हाती घेणाऱ्याने खाली स्वतःचे नाव आणि पाणी पोचल्यावर 'खेप पूर्ण' एवढेच तेथे लिहायचे. रोज सायंकाळी या नोंदी आम्ही नोंदवहीत उतरवून घेत असू, कारण फोन हरवला तरी खेपांचा हिशेब हरवता कामा नये. आवक-जावक नोंदवहीला जुनाट म्हणणाऱ्यांशी मी आजही सहमत नाही.

आता मूळ संदेशालाच उत्तर देता येते, महत्त्वाचा संदेश वर टाचून ठेवता येतो आणि केवळ अ‍ॅडमिनने लिहावे अशी सोयही आहे. तेव्हा एका गटात 256 जण मावत, आता 1024 मावतात. परंतु मावतात म्हणून सर्वांना एकत्र कोंबू नये. पुन्हा सांगतो, एका कामाला एक गट, आणि काम ज्यांचे आहे तेवढेच त्यात.

आमच्या त्या गटावर त्याच गावाचा शेवटचा संदेश पावसाळ्यात आला. आरंभी नियमाप्रमाणे गावाचे नाव होते आणि पुढे लिहिले होते, 'विहिरीला पाणी आले, उद्यापासून खेप नको.'