आधी रिस्टोअरचा हिशोब, मग डिस्क

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांत आता एकाच होस्टवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर, तीन-चार व्हीएम (सॉफ्टवेअरने बनवलेले आभासी कॉम्प्युटर) चालतात. एक टॅलीची, एक ईआरपीची (ऑर्डर, माल, उत्पादन सांभाळणारं सॉफ्टवेअर), एक फाइल सर्व्हर, एखादी हजेरीच्या मशीनची. पूर्वी चार कॉम्प्युटर बंद पडायला चार बिघाड लागायचे, आता एकच पुरतो. म्हणून डिस्क किती टीबीची घेऊ, असं कोणी विचारलं की मी आधी मालकांना विचारतो, होस्ट आज दुपारी बंद पडला तर डिस्पॅच किती तास थांबलेला चालेल? आणि सकाळपासूनची किती बिलं पुन्हा हाताने टाकायची तयारी आहे?

आता हिशोब करू. गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला साधारण ११० एमबी येतात. म्हणजे बॅकअपमधून २ टीबी डेटा परत आणायला, म्हणजेच रिस्टोअरला, पाच तास, तेही मध्ये काही अडलं नाही तर. तोच डेटा फक्त क्लाउडवर असेल आणि लाइन ५० एमबीपीएसची (सेकंदाला जेमतेम ६ एमबी) असेल, तर जवळजवळ पावणेचार दिवस लागतील. क्लाउड जरूर ठेवा, पण जिच्यावरून काम लवकर सुरू करायचं ती कॉपी ऑफिसातच, वेगळ्या मशीनवर हवी.

डिस्क निवडताना लोक जागा बघतात. व्हीएम मात्र बहुतेक वेळा वेगाला अडतात. ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेरे) फिरती हार्ड डिस्क एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत घेते. डेटा वाचणारं हेड हलायचा वेळ धरला, तर इकडून-तिकडून डेटा मागणारी सेकंदाला ८०-१०० कामंच ती उरकू शकते. चार व्हीएमनी एकदम मागणी केली की सगळ्याच रखडतात. रेड ५ मध्ये (तीन किंवा जास्त डिस्क जोडून, एक बिघडली तरी डेटा टिकवायची पद्धत) तर छोटीशी नोंद लिहायलाही जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (बिघडलेल्या डिस्कचा डेटा परत काढायची जादा नोंद) वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा, अशी चार कामं पडतात. त्यामुळे चालत्या व्हीएम एसएसडीच्या (फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कच्या) मिरर जोडीवर, म्हणजे तोच डेटा दोन्ही डिस्कवर, आणि बॅकअप मोठ्या, स्वस्त डिस्कवर ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. एसएसडी पॉवर लॉस प्रोटेक्शनवालीच (वीज अचानक गेली तरी हातातला डेटा न गमावणारी) घ्या. यूपीएसची यूएसबी केबल होस्टला जोडा आणि शटडाउनचं सॉफ्टवेअर लावा, म्हणजे बॅटरी संपण्याआधी व्हीएम आपोआप नीट बंद होतील. आणि सर्व्हर लूम शेडला लागून ठेवू नका. अशा सर्व्हरचं झाकण उघडून पाहा, पंख्याच्या पात्यांवर सुताच्या तंतूंचा करडा थर बसलेला दिसेल. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात तो पंखा काय हवा देणार?

मिररला बॅकअप समजू नका. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते. स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपलेली स्थिती) तर सहसा मूळ डिस्कवरच बसलेला असतो. बॅकअपचं फोल्डर टॅलीच्या मशीनवर झेड ड्राइव्ह म्हणून दिसत असेल, तर रॅन्समवेअरलाही (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला) ते दिसतं. बॅकअप मशीनचा पासवर्ड वेगळा ठेवा, आणि होस्टवरून जुन्या कॉपी पुसता येणार नाहीत अशी परवानगी द्या.

एक कॉपी कारखान्याबाहेर हवीच. जिथे सूत, टॉवेल आणि कापसाची धूळ आहे तिथे आगीचा विचार टाळता येत नाही, त्यामुळे शेजारच्या शेडमधली डिस्क बाहेरची धरू नका. दोन एन्क्रिप्टेड (पासवर्डशिवाय न वाचता येणाऱ्या) डिस्क आलटून-पालटून जुळे सोलापुरात घरी न्या. एक कायम बाहेर राहील. तुमची कंपनी नोंदणीकृत असेल, तर इलेक्ट्रॉनिक हिशेबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून बंधनकारक आहे, आणि वह्या ८ वर्षं जपाव्या लागतात. घरच्या डिस्कने ती अट भागत नाही.

बॅकअप यशस्वी झाल्याचा ईमेल आला म्हणून निश्चिंत होऊ नका. महिन्यातून एकदा एखादी व्हीएम बॅकअपमधून उभी करा. सुरू करण्याआधी तिचं नेटवर्क कार्ड काढा, नाहीतर एकाच आयपीच्या (नेटवर्कवरच्या पत्त्याच्या) दोन मशीन भांडतील आणि चालू बिलिंग अडकेल. मग टॅली उघडून शेवटच्या बिलाचा नंबर बॅकअपच्या वेळेपर्यंतच्या गेटपास रजिस्टरशी जुळवा. ईआरपीचा डेटाबेस उघडताना तक्रार करत असेल, तर तो लिहिता-लिहिता मध्येच कॉपी झालेला असू शकतो. अशा वेळी त्या व्हीएममध्ये गेस्ट एजंट (बॅकअपच्या वेळी लिखाण क्षणभर थांबवायला मदत करणारा छोटा प्रोग्राम) चालू आहे का ते पाहा, आणि डेटाबेसचा वेगळा डंपही (सगळ्या डेटाची स्वतंत्र फाइल) रोज रात्री काढायला लावा.